पोटाच्या बायपासनंतर चौथा महिना: उलट्या, बंद केलेल्या गोळ्या आणि आषाढीचा उपवास

प्रश्न थोडक्यात असा. पत्नीचं वय ३४. चार महिन्यांपूर्वी पुण्यात वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं, गॅस्ट्रिक बायपास. तेव्हा वजन ११२ किलो होतं, आज ८९ आहे. शुगरच्या गोळ्या सुटल्या. पण गेले दोन आठवडे जेवलं की उलटी होते. जुळे सोलापुरातल्या दवाखान्यात दोनदा सलाईन लावलं, तेवढ्यापुरतं बरं वाटलं. केस मूठमूठ गळतायत. ‘वजन तर उतरतंय, मग कशाला’ म्हणून व्हिटॅमिनच्या गोळ्या महिन्याभरापूर्वी त्यांनीच बंद केल्या. दर वेळी पुण्याला जाणं जमत नाही. आणि यंदा आषाढी एकादशी निर्जळी करायची आहे. काय करावं?

आधी उलट्यांचं बघा. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल, हे काम मात्र आजचं आहे.

दोन आठवडे उलट्या, महिनाभर गोळ्या बंद आणि चार महिन्यांत २३ किलो वजन उतरलेलं. हे तिन्ही एकत्र आले की पहिली काळजी व्हिटॅमिन बी-१ ची, म्हणजे थायमिनची. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. तो संपला की आधी पायांना मुंग्या येतात, पोटऱ्यांत गोळे येतात, भूक मरते आणि त्यामुळे उलट्या आणखी वाढतात. त्यापुढची पायरी मेंदूची आहे: चालताना झोक जातो, एकाचे दोन दिसतात, डोळे थरथरतात, बोलण्यात गोंधळ होतो, कालचं आठवत नाही. यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट न बघता रात्रीच दवाखान्यात न्या. वेळेत औषध मिळालं तर माणूस पूर्ण बरा होऊ शकतो. उशीर झाला तर चालण्यातला आणि स्मरणशक्तीतला दोष कायमचा राहू शकतो.

आता सलाईनबद्दल. ग्लुकोज जाळायला पेशींना बी-१ लागतं. साठा तळाला गेलेला असताना शिरेतून ग्लुकोज दिलं, तर उरलंसुरलं बी-१ ते जाळण्यात खर्ची पडतं आणि मेंदूचा त्रास काही तासांत उफाळू शकतो. म्हणून बाटलीवरची अक्षरं वाचा. ‘डीएनएस’ किंवा ‘डेक्स्ट्रोज ५ टक्के’ असेल तर ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज आहे. ‘एनएस’ किंवा ‘आरएल’ मध्ये ग्लुकोज नसतं. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ‘पोटाचा बायपास झालाय, दोन आठवडे उलट्या आहेत, ग्लुकोजच्या आधी थायमिन द्या.’ बाटलीत पिवळं इंजेक्शन टाकलं की बी-१ मिळालंच, असं समजू नका. तो पिवळा रंग बी-२ चा असतो. बी-१ किती आहे ते अँप्युलवरच वाचावं लागतं. कमतरतेची नुसती शंका असेल आणि गोळी पोटात टिकत असेल, तर १०० मिलिग्रॅम दिवसातून दोन-तीन वेळा देतात. उलट्या चालू असतील तर शिरेतून, २०० मिलिग्रॅम तीन वेळा ते ५०० मिलिग्रॅम एक-दोन वेळा, असं तीन ते पाच दिवस. नेमका डोस तुमचे डॉक्टर ठरवतील. सोबत पोटॅशियम आणि मॅग्नेशियम तपासून घ्या. मॅग्नेशियम कमी असेल तर दिलेलं थायमिन नीट कामाला येत नाही.

तिथे ‘बायपास’ एवढंच सांगू नका. नुसता शब्द ऐकला की समोरच्याच्या मनात हृदयाचा बायपास येतो आणि ईसीजीपासून सुरुवात होते.

बी-१ दिल्यावर पुढचा प्रश्न, उलट्या का होतायत? या ऑपरेशनमध्ये जठराचा वरचा साधारण ३० मिलीचा कप्पा वेगळा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात. कधीकधी तो जोड भरून येताना आवळतो. साधारणपणे हे पहिल्या तीन महिन्यांत होतं, पण चौथ्यातही होऊ शकतं. ओळखायची खूण अशी: आधी भाकरी अडकायला लागते, मग मऊ भात, मग दाट आमटी आणि शेवटी पाणीसुद्धा. असं क्रमाने वाढत गेलं असेल तर एंडोस्कोपी करून फुग्याने जोड रुंद करतात. कधी दोन-तीन वेळा करावं लागतं, पण पोट पुन्हा उघडावं लागणं विरळाच. दुसरी शक्यता जोडावरच्या अल्सरची. त्यात जळजळ होते, खाल्लं की दुखतं, कधी शी काळी होते. तिसरी पित्ताशयातल्या खड्यांची, कारण वजन झपाट्याने उतरताना खडे सहज धरतात. म्हणूनच अनेक सर्जन पहिले सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक अ‍ॅसिडची गोळी देतात. ती चालू होती का आणि इतर गोळ्यांबरोबर तीही बंद झाली का, हे विचारा. चौथी शक्यता घरात कुणाच्या मनातही येत नाही: गर्भधारणा. वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते. लघवीची तपासणी पाच मिनिटांची आहे, एक्स-रे किंवा सीटीच्या आधी ती करून घ्या.

हे काहीच निघालं नाही तर मग खाण्याची पद्धत बघा. घास घाईघाईने गिळणं, जेवता जेवता पाणी पिणं, ‘अजून एक घास’ म्हणून पुढे खाणं. घास बोटाच्या पेरापेक्षा मोठा नको, वीस-पंचवीस वेळा चावायला हवा आणि जेवणाला वीस-तीस मिनिटं लागायला हवीत. पण सलग दोन आठवडे उलट्या होत असतील तर ‘तीच भराभर खाते’ एवढ्यावर विषय मिटवू नका. घरोघरी नेमकं तेच होतं, आणि त्यात दिवस जातात.

पोटदुखीचं वेगळं सांगतो, कारण त्यात चूक झाली तर जिवावर बेतते. बायपासमध्ये आतड्यांची मांडणी बदलते. आतली चरबी उतरली की त्या मांडणीतल्या फटी मोकळ्या होतात आणि त्यात आतडं अडकू शकतं. हा आतला हर्निया बाहेरून दिसत नाही आणि हाताला लागत नाही. पोटात पिळवटून कळ येते, बऱ्याचदा जेवणानंतर, कधी ती पाठीपर्यंत जाते, आणि आपोआप थांबतेही. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल, साधा एक्स-रेही नॉर्मल येऊ शकतो. आपल्याकडे अशा दुखण्याला ‘गॅस’ म्हणून ओवा, सोडा नाहीतर इंजेक्शन देऊन घरी पाठवतात. कळ दोन तासांच्या वर टिकली किंवा परत परत येत राहिली, तर जिथे सीटी स्कॅन आहे आणि दुर्बिणीने ऑपरेशन करणारा सर्जन आहे, अशा सोलापुरातल्याच रुग्णालयात न्या. पुणे अडीचशे किलोमीटर आहे. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला तर तेवढा वेळ हातात नसतो. ऑपरेशन केलेल्या सर्जनना वाटेतून फोन करा आणि इथल्या सर्जनशी बोलायला सांगा. हा धोका पुढे कित्येक वर्षं राहतो.

आता बंद केलेल्या गोळ्या. वजनकाटा जे दाखवत नाही ते सांभाळायला या गोळ्या असतात, आणि बायपासनंतर त्या जन्मभर घ्याव्या लागतात. लोह मुख्यतः आतड्याच्या पहिल्या भागात शोषलं जातं, आणि अन्नाची वाट आता तिथून जातच नाही. बी-१२ शोषायला जठरातून येणारा एक घटक लागतो, तो अन्नात नीट मिसळत नाही. बी-१२ चा जुना साठा काही वर्षं पुरतो. त्यामुळे त्रास सुरू होतो तेव्हा ऑपरेशन झाल्याचं कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. पायांची आग आणि थकवा यांवर मग भलतेच उपचार चालू राहतात.

साधारण प्रमाण असं. मल्टिव्हिटॅमिन रोज, त्यात बी-१ किमान १२ मिलिग्रॅम, तांबं आणि झिंक असलेली गोळी. काही स्वस्त गोळ्यांत तांबं नसतं, म्हणून पाकीट बघून घ्या. बी-१२ तोंडाने रोज ३५० ते १,००० मायक्रोग्रॅम, नाहीतर महिन्याला १,००० मायक्रोग्रॅमचं एक इंजेक्शन. शाकाहारी घरात महिन्याचं इंजेक्शन मला जास्त खात्रीचं वाटतं, कारण तारीख लक्षात राहते आणि सोलापुरातल्या कुठल्याही दवाखान्यात ते घेता येतं. पाळी चालू असलेल्या बाईला लोह रोज ४५ ते ६० मिलिग्रॅम. डी-३ रोज ३,००० युनिट, रक्तातली पातळी ३० च्या वर राहील असं. आठवड्याला घ्यायची ६०,००० युनिटची गोळी रोजची समजून घेतली जाते आणि कॅल्शियम वाढून माणूस आजारी पडतो, तेवढं जपा.

कॅल्शियम दिवसाला अन्न आणि गोळ्या मिळून १,२०० ते १,५०० मिलिग्रॅम, आणि ते सायट्रेटचं. कार्बोनेट विरघळायला जठरातलं आम्ल लागतं, ते आता फारसं नाही. इथे पाकिटावरचा आकडा फसवतो. ‘कॅल्शियम सायट्रेट १,००० मिलिग्रॅम’ असं लिहिलेल्या गोळीत प्रत्यक्ष कॅल्शियम साधारण २१० मिलिग्रॅमच असतं. ‘एलिमेंटल’ या शब्दापुढचा आकडा धरायचा. एका वेळी ५००-६०० मिलिग्रॅमच्या वर शोषलं जात नाही, म्हणून दिवसात वाटून घ्या. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचं अंतर हवं. लोह चहाबरोबर कधीच नको, लिंबूपाण्याबरोबर चांगलं. सोपी वाटणी अशी: सकाळी उठल्यावर लोह, दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर कॅल्शियम. जेवणाबरोबर घेण्याचा आणखी एक फायदा आहे. बायपासनंतर अन्नातलं ऑक्झलेट जास्त शोषलं जातं आणि मूतखडे होतात. ते ऑक्झलेट कॅल्शियम आतड्यातच बांधून ठेवतं.

केसांचं ऐकून त्या घाबरल्या असतील. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळणं हा ऑपरेशनचा आणि झपाट्याने वजन उतरण्याचा धक्का आहे. मुळं शाबूत असतात, पुढच्या सहा-आठ महिन्यांत केस परत येतात. मात्र प्रोटीन आणि लोह पुरेसं नसेल तर गळती लांबते. वर्ष उलटूनही गळत राहिले तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि झिंक तपासा. बायोटिनच्या गोळ्यांनी या गळतीत फरक पडत नाही. उलट मोठ्या डोसने थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. घेतच असतील तर रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा.

प्रोटीनचं गणित मात्र रोजचं आहे. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम लागतं आणि पोटात एका वेळी जेमतेम अर्धी-पाऊण वाटी मावते. शाकाहारी घरात ते आपोआप होत नाही, ठरवून करावं लागतं. उलट्या थांबल्यावरचा एक दिवस असा बसवता येईल. सकाळी २०० मिली साय काढलेल्या दुधात एक चमचा-माप व्हे पावडर, मिळून ३० ग्रॅमच्या आसपास. एकदम नाही, तासाभरात घोटघोट. दहाच्या सुमारास ३० ग्रॅम मुगाच्या डाळीचं एक धिरडं, ७ ग्रॅम. दुपारी मटकीची मऊ शिजवलेली उसळ, कोरडी ३० ग्रॅम मटकी, आणि १०० ग्रॅम दही, दोन्ही मिळून १० ते ११. चारला ताकात कालवलेलं ३० ग्रॅम फुटाण्याचं पीठ, ६. रात्री ५० ग्रॅम पनीर, ९. बेरीज ६० च्या थोडी वर जाते. अंडी चालत असतील तर काम सोपं, एका अंड्यात ६ ग्रॅम.

ताटात उसळ-पनीर आधी, भाजी मग, भाकरी शेवटी आणि उरलेल्या जागेत. मऊ पोळी आणि ताजी लुसलुशीत भाकरी तोंडात गोळा होते आणि तशीच जाऊन अडकते. आपली कडक भाकरी आमटीत चुरून पूर्ण भिजवली तर अनेकांना जास्त सोसते. हुलग्याचं माडगं या काळात फार उपयोगी, फक्त ते गुळाशिवाय करा. शेंगाची चटणी चमचाभर खावी, पण ती प्रोटीन म्हणून मोजू नका. त्यात तेल जास्त. वर्ष-दीड वर्षानंतर ज्यांचं वजन पुन्हा चढतं, त्यांच्याकडे बऱ्याचदा जेवण थोडंच असतं, पण येता-जाता मूठभर शेंगदाणे, फरसाण आणि चहा-बिस्कीट चालू असतं. हुरड्याच्या दिवसांत कोवळा हुरडा नीट चावून दोन चमचे चालेल, त्यासोबतचा गूळ नको.

गुळा-साखरेचं कारण असं. गोड पदार्थ त्या छोट्या कप्प्यातून झपकन आतड्यात उतरतो. पंधरा-वीस मिनिटांत छाती धडधडते, घाम सुटतो, पोटात मुरडा येऊन जुलाब होतात. कधी एक ते तीन तासांनी साखर एकदम खाली येते, हात कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. उसाचा रस, सरबत, श्रीखंड, बासुंदी हे नेहमीचे अपराधी. दुसऱ्या प्रकारात त्या वेळी दोन चमचे साखर द्या, पण त्यानंतर लगेच दही किंवा पनीर, नाहीतर तासाभराने तेच पुन्हा होतं.

पाणी दिवसाला दीड ते दोन लिटर. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा चाळीसच्या वर असतो, तेव्हा अडीच लिटरपर्यंत न्या. तांब्याने गटागटा पिणं आता जमणार नाही. लिटरची बाटली जवळ ठेवून दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन-तीन घोट. जेवताना नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. लघवी गडद पिवळी झाली, उभं राहताना चक्कर आली तर पाणी कमी पडतंय.

गुडघे दुखले म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन कायमची बंद. त्यांनी जोडावर अल्सर होतो आणि तो फुटूही शकतो. पॅरासिटामॉल चालतं, फक्त ‘कॉम्बिनेशन’ची गोळी असेल तर तिच्या पोटात डायक्लोफेनॅक दडलेलं असू शकतं, म्हणून नाव वाचून घ्या. घरात मिश्री किंवा तंबाखूची सवय असेल तर तीही सोडायला हवी, तंबाखूनेही जोडाचं नुकसान होतं. बीपीच्या आणि शुगरच्या जुन्या गोळ्या कुणी सांगितल्याशिवाय पुन्हा चालू करू नका. वजन उतरल्यावर जुना डोस भारी पडतो. गर्भनिरोधक गोळ्यांवर बायपासनंतर विसंबू नका, कारण त्या नीट शोषल्या जातील याची खात्री नाही. ऑपरेशनपासून १२ ते १८ महिने दिवस राहू नयेत, तोवर कॉपर-टी चांगली. पुढे दिवस राहिले तर ग्लुकोज पिऊन करायची शुगरची तपासणी टाळायला सांगा. त्याऐवजी आठवडाभर घरी ग्लुकोमीटरवर साखर बघतात.

पुण्याला दर वेळी जायची गरज नाही. रक्त सोलापुरात द्या आणि रिपोर्ट सर्जनच्या टीमला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. या वेळी एंडोस्कोपीसाठी जावं लागलं तर जा. नाहीतर सहाव्या आणि बाराव्या महिन्यात प्रत्यक्ष, त्यानंतर वर्षातून एकदा. तपासण्या आत्ता लगेच, मग सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी: हिमोग्राम, फेरिटिन, बी-१२, फोलेट, डी-३, कॅल्शियम, पीटीएच, अल्ब्युमिन, लिव्हर, किडनी, एचबीए१सी, लिपिड, टीएसएच आणि वर्षातून एकदा झिंक व तांबं. रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन चांगलं दिसलं तरी फेरिटिन बघा, ते आधी उतरतं.

एक कार्ड पर्समध्ये ठेवा आणि त्याचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये. त्यावर एवढं मोठ्या अक्षरांत:

गॅस्ट्रिक बायपास (पोटाचा, हृदयाचा नव्हे), ऑपरेशनची तारीख.
उलट्या असतील तर ग्लुकोजआधी थायमिन शिरेतून.
डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन देऊ नये.
नाकातून पोटात नळी अंदाजाने टाकू नये.
पोटात जोराची कळ असेल तर आतला हर्निया धरून सीटी आणि सर्जन.
ऑपरेशन केलेल्या सर्जनचा नंबर.

जवळच्या फॅमिली डॉक्टरांना एकदा फाईल घेऊन शांतपणे भेटा आणि हे कार्ड त्यांनाही द्या. रात्री अकराला उलट्या सुरू झाल्या तर तुम्ही आधी त्यांच्याकडेच जाणार आहात.

राहिली आषाढी. पंढरपूर आपल्या जिल्ह्यातच, त्यामुळे एकादशीची ओढ मला समजते. पण या वर्षी निर्जळी उपवास नकोच. उलट्यांनी आधीच पाणी कमी झालंय, त्यात दिवसभर कोरडं राहिलं तर किडनीवर ताण येतो. साबुदाण्याची खिचडी हाही पर्याय नाही. तो चिकट गोळा अडकतो, आणि त्यात पिष्टाखेरीज फारसं काही नसतं. फराळ करायचाच असेल तर घोटघोट दूध, दही, पनीर, थोडी मऊ पपई, दिवसभर पाणी, आणि सकाळची-दुपारची गोळी नेहमीसारखी. हे सगळं उपवासात चालतं. उलट्या थांबून दोन आठवडे झाले नसतील, तर एवढंही नको. त्या दिवशी नेहमीचं पातळ जेवण द्या.